मंगळवार पेठेतलं रस्त्याकडेचं काचेचं कपाट, पाचपैकी चार स्टार

साताऱ्यात काय बघायचं म्हटलं की सगळे कास, सज्जनगड, अजिंक्यतारा हेच सांगतात, म्हणून म्हटलं ह्याच्याबद्दल पण कुणीतरी लिहायला पाहिजे. मंगळवार पेठेत, तळ्याच्या अंगाला एका बोळात जुन्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीत एक काचेचं कपाट बसवलंय. अडीच-तीन फूट रुंद, तीन फळ्या, वर पत्र्याची पडवी आणि आत एलईडीची पट्टी. तिकीट नाही, बोर्ड नाही, काही विकायला नाही. घरातले काका एसटीतून रिटायर झालेत, काकू क्रोशाचं विणकाम करतात, दोघांनी मिळून मांडलंय सगळं.

वरची फळी नाण्यांची आणि मला विचाराल तर पैसे वसूल तिथंच (पैसे द्यायचेच नाहीत ते सोडा). भोकाचा पैसा आहे, १९४३ ते ४७ मधला, युद्धात तांबं वाचवायला मधे भोक पाडायचे तो. १९५७ नंतरचे नये पैसे आहेत, आणि तीन पैशाचं षटकोनी नाणं, जे बघून हल्लीच्या पोरांचा विश्वासच बसत नाही की असलं काही चालायचं. शेवटी गेंड्याची चाराणी, खाली काकांच्या अक्षरात चिठ्ठी: "३० जून २०११ नंतर बंद. दुकानदाराशी भांडू नये." काका बाहेर असले तर वाटीभर पाणी आणायला लावा त्यांना. एक पैशाचं अॅल्युमिनियमचं चौकोनी नाणं बोटाच्या टोकावरून अलगद पाण्यावर सोडतात आणि ते तरंगतं! शेजारचा एक बारका पोरगा सारखं बोटानं बुडवत होता आणि काका न चिडता परत बाहेर काढून, लुंगीला पुसून, परत तरंगवत होते. पोराची आई हाका मारून दमली पण हा हलायला तयार नाही.

मधली फळी एसटीची. कंडक्टरची पत्र्याची पेटी, तिकिटांचे रंगीत गठ्ठे, आणि तो पंच ज्याची टिकटिक ऐकून गाडीतली झोपलेली माणसं खिसे चाचपायला लागायची. मशीनवरची तिकिटं आल्यापासून हे सगळं अडगळीत गेलं. त्याच्या बाजूला काडेपेट्यांचे छाप चिकटवलेत, पण ते जरा उडालेत, कारण कपाटाचं तोंड पश्चिमेला आणि दुपारचं ऊन थेट आत. लाल रंग तर पार गुलाबी झालाय. काका, एक पडदा लावा की राव.

खालची फळी क्राफ्टची आणि इथं माझा एक स्टार कापला गेला. काकूंचे क्रोशाचे बारके पक्षी खरंच भारी आहेत, चिमणीच्या चोचीला पिवळा दोरा वेगळा घेतलाय एवढं बारीक काम, आणि लाल मातीची भातुकली पण झकास, जातं अंगठ्याच्या नखाएवढं आणि खुंटा खरा फिरतो. पण त्यातच बाजारातली प्लॅस्टिकची फुलं आणि ग्लिटरवाले फोटोफ्रेम कशाला? कुणीतरी आणून दिले म्हणून ठेवले असणार, भिडेपोटी. आपल्याकडं नाही म्हणायला जीभच रेटत नाही.

सगळ्यात खाली काचेबाहेर एक लाकडी खोका आहे, "एक न्या, एक ठेवा" असं लिहिलेला. गोट्या, शंख, जुने स्टॅम्प, किल्ल्यावरचे मावळे असलं काहीबाही असतं. कल्पना एक नंबर, पण लोक गोट्या नेतात आणि कंपनीचे फुकटचे किचेन ठेवतात. एका क्लासवाल्यानं तर व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठाच टाकला होता, वर काचेवर पॅम्प्लेट पण चिकटवलेलं, ते खरवडताना काचेवर चरा पडला तो अजून दिसतो.

ही आयडिया आली कुठून तर काकांचा पुतण्या अमेरिकेत पोर्टलंडला असतो. तिकडं लोक घराबाहेर फुटपाथच्या कडेला असे डिस्प्ले लावतात, कुणी डायनासोर मांडतं, कुणी अदलाबदलीला खेळणी, आणि ही ठिकाणं दाखवणारा नकाशा पण आहे म्हणे. सिअॅटलला स्टेसी मिलरनी नावाच्या बाईंनी २०२० च्या डिसेंबरात घरासमोर छोट्या पेटीत आर्ट गॅलरीच उघडली, आत इवलीशी चित्रं आणि ती बघणारी इवलीशी माणसं. त्याच्याही आधी २००९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये टॉड बोलनं आईच्या आठवणीत पुस्तकांची पेटी उभी केलेली. पण मला विचाराल तर दिवाळीत आपली पोरं दारात किल्ला करतात, येणारा-जाणारा थांबतो, "बुरूज वाकडा झालाय" म्हणून सल्ला देतो, ते तरी काय वेगळं आहे? आणि आपल्या जिल्ह्यातलंच भिलार घ्या, २०१७ पासून घराघरात पुस्तकं मांडून बसलंय, कुणीही जाऊन वाचावं.

लंडनच्या म्युझियममधली वाघनखं २०२४ ला साताऱ्यात आली तेव्हा पोराटोरांना घेऊन बघायला गेलो होतो आम्ही, ते बघायलाच पाहिजे होतं, प्रश्नच नाही. पण तिथं "हात लावू नका, पुढं चला". इथं कुणी पुढं ढकलत नाही, उलट काकू "सावकाश बघा, चहा टाकू का" विचारतात आणि नको म्हटलं तरी टाकतात.

आता कामाचं. गाडी राजवाड्याकडंच लावा आणि चालत जावा, बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की संपलं. संध्याकाळी सहानंतर बरं, उन्हात काचेवर आपलंच तोंड दिसतं. पावसाळ्यात काच आतून धुरकट होते, काका डांबरगोळ्या आणि ती बुटाच्या खोक्यातली सिलिकाची पुडकी टाकतात पण आपल्या साताऱ्याच्या पावसापुढं ते किती पुरणार, त्यामुळं दसऱ्यानंतर जाणं उत्तम. बारकी पोरं असतील तर उचलून घ्यावं लागेल, नाण्यांची फळी उंच आहे. साडेनऊला लाईट बंद होते, त्यानंतर बेल वाजवू नका, म्हाताऱ्या माणसांचं घर आहे. आणि खोक्यात ठेवायला घरून काहीतरी बरं न्या, किचेन सोडून.