सनफिल्म लावताना गाडी आतून कशी जपली: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या गाडीच्या काचांना सनफिल्म लावून घेतली. आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा आणि बडोद्याचा जो काही हिवाळा असतो तो, एवढं सगळं पार पडलं. फिल्मने गाडी किती थंड राहते यावर लोक भरभरून लिहितात. मला लिहायचंय ते फिल्म लावताना गाडीच्या आत जे साबणाचं पाणी पडतं त्याबद्दल, कारण त्या पाण्याने केलेलं नुकसान मी घरातच पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी दादाने त्याच्या गाडीला फिल्म लावली. दुकान चांगलं चालणारं, काम दोन तासांत उरकलं, काचा झकास दिसत होत्या. तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरच्या दारावरचा मास्टर स्विच अडकायला लागला. डावीकडची मागची काच आपोआप खाली जायची आणि वर यायला तयार नसायची. मेकॅनिकने स्विच उघडून दाखवला तेव्हा आत पांढरट साबणाची पापुद्री आणि तांब्यावर हिरवी कीट होती. ४,२०० रुपयांचा नवा स्विच घालावा लागला. शिवाय समोरच्या काचेवरून ओघळलेलं पाणी डॅशबोर्डच्या वरच्या जाळीतून आत गेलं होतं, त्यामुळे एसी लावला की महिनाभर ओल्या फडक्यासारखा वास यायचा. दुकानदार म्हणाला, फिल्मला काही झालं असेल तर दाखवा. आणि फिल्म तर उत्तम होती.

हे असं का होतं ते तेव्हा मी मेकॅनिककडून नीट समजून घेतलं. गाडीची काच बाहेरून भिजणार हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलं असतं. काचेच्या कडेच्या बाहेरच्या बीडिंगमधून (रबरी किनारीतून) आत झिरपलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीतून खाली जातं आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून निघून जातं. आतल्या बाजूची गोष्ट वेगळी. सनफिल्म काचेच्या आतून लागते. काचेवर साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म त्यावर सरकवत जागेवर आणायची आणि मग रबरी पट्टीने सगळं पाणी खाली रेटायचं. हे पाणी सरळ डोअर पॅडवर, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणावर, उतरतं. तिथेच स्विच, तिथेच स्पीकर, आणि काही गाड्यांत दाराचा छोटा दिवाही तिथेच. तिथे निचऱ्याची सोय कुणी केलेली नसते. साधं पाणी असतं तर उन्हात सुकून गेलं असतं. साबण मात्र मागे राहतो आणि हवेतली ओल धरून ठेवतो.

बडोदेकरांना हे फार समजावून सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. गाळ काढला, गाडी सुरूही झाली, आणि महिन्याभराने एकेक कनेक्टर दगा द्यायला लागला. ओल लगेच बोलत नाही. दादाच्या स्विचचंही तसंच झालं.

तरीही फिल्म लावायचीच होती. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मांजलपूरहून दांडिया बाजारात बहिणीकडे जायचं म्हटलं की त्या दुपारभर पदर डोळ्यांवर धरून बसायच्या. ते बघवत नव्हतं.

मी तीन दुकानांत गेले आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला: डोअर पॅडवर आणि स्विचवर तुम्ही काय टाकता? दोन ठिकाणी उत्तर मिळालं, "कशुं नहीं थाय, बेन." काही होणार नाही. तिसऱ्या ठिकाणी कारागिराने तोंडाने काही न सांगता मागून टॉवेलच्या गुंडाळ्या आणि प्लास्टिकचा रोल आणून दाखवला. तिथे पैसे दोन हजारांनी जास्त होते, एकूण साडेअठरा हजार, सिरॅमिक फिल्म, चार दारं आणि मागची काच. मी तिथेच दिली. ते दोन हजार फिल्मचे नव्हते, त्या टॉवेलचे होते असं मी मानते.

कायद्याचं थोडक्यात. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काचेवर कोणतीही फिल्म चिकटवणं बंद झालं होतं. पुढे नियम बदलले आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की ठरलेला प्रकाश आत येत असेल तर फिल्म चालते. ठरलेला म्हणजे समोरून आणि मागून निदान ७० टक्के, बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के. इथे एक हिशेब लोक चुकतात. हा आकडा काच आणि फिल्म दोन्ही मिळून धरायचा असतो. काचेतूनच ७५ टक्के प्रकाश येत असेल आणि फिल्म ७० टक्केवाली असेल, तर आत येतो साडेबावन्न टक्के. म्हणजे ५० टक्केवाली फिल्म घेतलीत तर तुम्ही नियमाच्या बाहेर गेलात. निकाल केरळचा आहे, इथे रस्त्यावर अडवलं तर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा, म्हणून बिल आणि फिल्मचं प्रमाणपत्र ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलंय.

समोरची काच मी मुद्दाम सोडली. ती दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच असते आणि अतिनील किरणं बहुतेक तीच अडवते. ७० टक्क्यांचा नियम पाळायचा तर तिथे जवळजवळ पारदर्शक फिल्मच लावावी लागते. त्यात काचेवरचा फास्टॅग काढावा लागतो, आणि तो एकदा सोलला की फाटून निकामी होतो, कारण दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. आणि सगळ्यात मोठं कारण दादाचा डॅशबोर्ड. गाडीतली सगळ्यात जास्त वायरिंग जिथे आहे तिथे सगळ्यात मोठ्या काचेचं पाणी ओतायचं, हे माझ्या मनाला पटलं नाही. सासूबाईंना आता मागे बसवतो.

आदल्या संध्याकाळी गाडी रिकामी केली. पायपुसणी, सीट कव्हर, मागचे हेडरेस्ट, टिश्यूचा डबा, आणि मागचा पार्सल ट्रे तर सरळ काढून घरीच ठेवला. जी वस्तू दुकानात गेलीच नाही ती भिजणार कशी? मग व्हॅक्यूमने सीट आणि छताच्या कडा स्वच्छ केल्या, कारण धूळ उडाली की फिल्मखाली कण अडकतो. एक गोष्ट मात्र मी आठवडाभर आधीपासून टाळली: डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे. त्यातलं सिलिकॉन काचेवर उडालं तर तिथे फिल्मचा गोंद धरत नाही, आणि मास्किंग टेपही डोअर पॅडवर चिकटत नाही.

झाकायला काय वापरायचं याचा मी घरी प्रयोग करून पाहिला. जुन्या दारावर प्लास्टिक लावून वरून फवारा मारला. नुसतं प्लास्टिक असलं तर पाणी त्यावरून घसरत सरळ सीटवर जातं. नुसता टॉवेल असला तर तो भिजून पाणी खाली सोडतो. म्हणून खाली प्लास्टिक, वर कापड. कापड पाणी पितं आणि त्यातून जे सुटतं ते प्लास्टिक अडवतं. कापड म्हणून घरातले जुने पंचे सगळ्यात उत्तम निघाले. अनेक धुण्यांत मऊ झालेले, पाणी पटकन ओढणारे आणि धागे न सोडणारे. एका दाराला दोन, असे आठ पंचे घेतले. स्विचवर आधी क्लिंग फिल्म, तिच्या कडांना मास्किंग टेप, मग प्लास्टिक, मग पंचा. पंच्याची एक कड घट्ट गुंडाळून काच आणि डोअर पॅड यांच्या फटीत आतल्या बीडिंगवर दाबून बसवली, म्हणजे काचेवरून ओघळ सुरू होतो तिथेच तो शोषला जातो.

दुकानात पाच तास बसले. कारागिराला सुरुवातीला माझे पंचे बघून नवल वाटलं, पण दुसऱ्या दारानंतर तो स्वतःच म्हणाला की हे आमच्या टॉवेलपेक्षा बरे आहेत. मी त्याला आणखी तीन गोष्टी सांगितल्या. फिल्म खोचायला काच बोटभर खाली करायची असते, ती फवारा मारण्यापूर्वीच करावी आणि मग इग्निशन बंद. ओल्या स्विचमध्ये वीज खेळता कामा नये. डोअर पॅड उघडायचं नाही, कारण त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकदा तुटल्या की दार खडखडत राहतं. आणि गरम हवा सोडणारी हिटगन बीडिंगपासून लांब धरायची. मागच्या गोलसर काचेवर फिल्म गरम करून बसवावी लागते आणि तेव्हा रबर तापून त्याला चिरा पडतात. त्याने हे सगळं ऐकलं, आणि वाईट न वाटून घेता ऐकलं. चांगला माणूस होता.

मागच्या काचेपाशी मला सगळ्यात जास्त धाकधूक होती. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या त्या बारीक तांबूस रेघा काचेच्या आतल्या बाजूला असतात आणि काच साफ करायला कारागीर ब्लेड फिरवतात. ब्लेड आडवी घसरली की रेघ तुटली, आणि ती दुरुस्त करणं किचकट काम असतं. मी ब्लेडला ठाम नकार दिला. प्लास्टिकच्या पट्टीने आणि साबणाने काच घासून घेतली. वीस मिनिटं जास्त लागली.

दोन गोष्टी बिघडल्या, त्याही सांगते. डावीकडच्या मागच्या दारावर पंचे भिजून चिंब झाले तेव्हा दुकानातला टर्किश टॉवेल लावला. त्याचे दोन धागे फिल्मखाली गेले. आजही उन्हात बघितलं की दिसतात. दुसरं म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या चकचकीत काळ्या पट्टीवरची टेप मी दुपारी काढायला विसरले, संध्याकाळपर्यंत गाडी उन्हात होती आणि गोंद चिकटून बसला. खोबरेल तेलाने निघाला, पण तिथे हलकीशी धुरकट खूण राहिलीय. टेप काम संपल्याबरोबर काढावी.

घरी आल्यावर चारही दारं उघडी टाकून गाडी सावलीत तासभर ठेवली आणि सीटच्या खाली, दाराच्या खिशात हात घालून पाहिलं. ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात चमचाभर पाणी सापडलं, टिपून घेतलं. पुढचे चार दिवस काचा उघडायच्या नव्हत्या, कारण ओली फिल्म बीडिंगला घासून कडेने सुटते. चारही स्विचवर कागद चिकटवला, "काच खाली करू नये". तरी सोसायटीच्या गेटवर वॉचमनशी बोलायला यांचा हात सवयीने स्विचवर गेलाच, कागद होता म्हणून थांबला. पहिले दोन आठवडे काचेतून बघताना धुकट दिसायचं आणि पाण्याचे बारीक फुगे होते. ते दाबायचे नाहीत. एप्रिलच्या उन्हाने पंधरा दिवसांत काच स्वच्छ झाली. पावसाळ्यात लावली असती तर याला बराच जास्त वेळ लागला असता.

पावसाळा हीच खरी परीक्षा होती. दादाच्या स्विचने तिसऱ्या आठवड्यात मान टाकली होती, म्हणून मी जुलैभर रोज सकाळी चारही काचा एकदा खालीवर करून बघायचे. काही झालं नाही. डिफॉगर लावला तर मागची काच सगळ्या रेघांवर सारखी मोकळी होते, म्हणजे एकही रेघ तुटलेली नाही. ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचा स्विच काढून बघायला सांगितला. आत कोरडा, तांबं लखलखीत. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो फिल्म लावल्याच्या दिवशी झाला नव्हता.

उन्हाबद्दल थोडं. बंद गाडी मे महिन्यात दोन तास उन्हात उभी केली तर फिल्म असूनही आत भट्टीच होते. फरक गाडी चालू लागल्यावर कळतो. बाजूने दंडावर येणारा तो चटका गेला आणि एसी एक घर कमी चालतो. दिवाळीत नाशिकला गेलो तेव्हा सासूबाई सगळ्या वाटेवर बाहेर बघत होत्या, पदर खांद्यावर होता. रात्री आरशांतून बघताना किंचित अंधारतं, त्याची सवय करावी लागली. काचा पुसायला मी आता फक्त साधं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर वापरते. अमोनिया असलेला क्लीनर फिल्मला चालत नाही, आणि काचेवर फवारा मारण्यापेक्षा कापडच ओलं करून घेते, म्हणजे स्विचवर पाणी जातच नाही.

दादाने गेल्या महिन्यात नवी गाडी घेतली. पुढच्या रविवारी फिल्म लावायला त्याच दुकानात जाणार आहे. परवा फोनवर त्याने विचारलं, "अगं, सहा पंचे पुरतील ना?" मी दहा धुऊन, इस्त्री करून पिशवीत भरून ठेवलेत. टर्किश टॉवेल लागायची वेळच यायला नको.