सत्तरी ओलांडलेला माजी सैनिक आणि दीर्घ आजार: ईसीएचएस की आयुष्मान?

आयुष्मान भारत योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, खुली झाली. ईसीएचएस या माजी सैनिकांसाठीच्या अंशदायी आरोग्य योजनेचे सदस्य असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एकाच योजनेची निवड करावी लागते. घरात अर्धांगवायूचा किंवा मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण असेल, तर ही निवड घाईने करू नये.

आयुष्मानचे संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत असून पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून त्यात येतात. डायलिसिस आणि केमोथेरपीही मिळते. तथापि, ही योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च जेमतेम पंधरा दिवस मिळतो आणि बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात बसत नाही. अर्धांगवायूचा खरा खर्च तर रुग्ण घरी आल्यावरच सुरू होतो: रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, महिनोन्महिने चालणारी फिजिओथेरपी, चाकांची खुर्ची.

नेमका हाच भाग ईसीएचएस उचलते. २००३ साली सुरू झालेल्या या योजनेत पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे योजनेच्याच दवाखान्यातून, तपासणी व नियमित औषधे मिळतात आणि तिथले रेफरल, म्हणजे पुढील उपचारांसाठीची शिफारस, घेतल्यावर पॅनेलवरील रुग्णालयात खर्चाच्या कमाल मर्यादेविना कॅशलेस उपचार होतात. पत्नीचे वय सत्तरच्या आत असले तरी तिलाही लाभ मिळतो. सत्तरीच्या आयुष्मान कार्डावर तो मिळत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा बहुधा तीच करत असते, हे विसरून चालणार नाही.

ईसीएचएसचा त्रासही खरा आहे. पॉलिक्लिनिक दूरच्या गावी असले, तर अंथरुणावरच्या रुग्णासाठी रेफरल मिळवणे घरच्यांना जिकिरीचे होते, औषध शिल्लक नसेल तर परत यावे लागते. तातडीच्या प्रसंगी मात्र रेफरलशिवाय थेट रुग्णालयात जाता येते, फक्त ४८ तासांच्या आत ईसीएचएसला कळवावे लागते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, आजार वर्षानुवर्षे चालणारा असेल तर गैरसोय सोसूनही ईसीएचएस सोडू नये.

निवृत्तिवेतनाविना सेवेतून बाहेर पडल्यामुळे ज्यांना ईसीएचएसचे सदस्यत्वच मिळालेले नाही, त्यांनी मात्र सत्तरी पूर्ण होताच आधारच्या साहाय्याने आयुष्मान कार्ड काढून घ्यावे.