पाकिटावर 19 व्होल्ट, आत सहाचे बल्ब

बाबा बोटीवर होते. 1974 साली त्यांनी जर्मनीहून मेर्क्लिन कंपनीची एच-ओ मापाची खेळण्यातली, विजेवर धावणारी आगगाडी आणली, वाफेच्या इंजिनाच्या रूपाची. आमच्या नौपाड्यातल्या घरी दिवाळीत अजूनही रूळ मांडतो. यंदा इंजिनाचा पुढचा दिवा गेला. बारीक स्क्रूचा, 19 व्होल्टचा बल्ब. मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड पालथा घातला, पण तिथे सगळे सहा नाहीतर बारा व्होल्टचे.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. "ताई, जर्मन माल आहे, जुना स्टॉक." एक बल्ब 350 रुपयांना. ठाणे स्टेशनबाहेर पश्चिमेला भेटला. पाकिटावर 19 व्होल्ट छापलेलं, आत आठ बल्ब. घाईत मी यूपीआयने 2800 रुपये दिले. आतला बल्ब काढून पाहिलाच नाही, हीच माझी चूक.

घरी पहिला बल्ब लावला, ट्रान्सफॉर्मरचा नॉब फिरवला, पांढराफटक चमकला आणि काचेवर काळं धरून गेला. दुसऱ्याचंही तेच. या गाडीला चालताना 16 व्होल्टपर्यंत एसी वीज मिळते आणि दिशा बदलताना क्षणभर 24 चा झटका बसतो, म्हणून तर जास्त व्होल्टचा बल्ब लागतो. तिसऱ्याच्या पितळी बुडावर भिंग धरलं, तर तिथे बारीक अक्षरांत 6V कोरलेलं!

फोन केला तर म्हणे, "तुमचा ट्रान्सफॉर्मर खराब आहे." दुसऱ्या दिवशी एकदम गोड आवाजात, "पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मी फोन ठेवला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

असा बल्ब घेताना पाकीट वाचू नका, बुडावरचा आकडा वाचा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी खिशात ठेवा. तिच्या एका टोकाला बल्बचं बूड आणि दुसऱ्याला वायरने स्क्रूची बाजू लावा. 19 चा असेल तर मंद, केशरी पेटेल. सहाचा भगभगीत पांढरा दिसतो, बॅटरीला एक सेकंदही जास्त टेकवू नका. विकणारा तपासू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.

उरलेले सहा बल्ब आणि ते पाकीट मी तक्रारीसाठी जपून ठेवलंय. इंजिन अजून अंधारातच धावतंय, बाबा रोज विचारतात.