अ‍ॅप सर्व्हरच्या पुढे वेब सर्व्हर लावायचा की थेट चालवायचं?

टॉमकॅट (जावासाठी) किंवा गुनिकॉर्न (पायथनसाठी) असा अ‍ॅप सर्व्हर, म्हणजे तुमचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, थेट इंटरनेटवर ठेवू की पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर लावू, असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, इमेज आणि सीएसएस फाइली फास्ट जातील म्हणून लाव. खरंय ते, पण निर्णय त्यावर घेऊ नका, कारण उद्या त्या फाइली सीडीएनवर (जागोजागच्या सर्व्हरवरून फाइली पोचवणारी सेवा) टाकल्या की तो मुद्दाच संपला. खरं बघायचं ते हे की तुमचा अ‍ॅप सर्व्हर स्लो क्लायंटसमोर, म्हणजे हळू नेटवर्कवरच्या युजरसमोर, किती तग धरतो.

गुनिकॉर्नचंच घ्या. वर्कर म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी त्याची प्रोसेस, त्यातला डीफॉल्ट सिंक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, आणि वर्करची संख्या साधारण सीपीयू कोरच्या दुप्पट अधिक एक ठेवा असं त्यांचं डॉक्युमेंटेशन सांगतं, म्हणजे २ कोरच्या मशीनवर झाले ५. आता ५ जण कमकुवत मोबाइल नेटवर्कवरून एकेक मोठा फोटो अपलोड करतायत, पाचही वर्कर नुसते बाइट्स येण्याची वाट बघत बसलेत, सीपीयू रिकामा, आणि सहाव्या माणसाला साधं लॉगिन पेज मिळत नाही, वर डीफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदांचा, म्हणजे अपलोड लांबला की वर्कर मधेच मारला जातो आणि बिचाऱ्याने परत पहिल्यापासून सुरू करायचं. पुढे एन्जिनएक्स असेल तर तो अख्खी रिक्वेस्ट आधी स्वतःकडे जमा करतो, मग एका झटक्यात मागे देतो, आणि उत्तरही स्वतःकडे घेऊन क्लायंटला त्याच्या वेगाने सोडत बसतो. अशी हजारो कनेक्शन्स धरून ठेवणं हेच त्याचं मूळ काम आहे. त्यामुळे सिंक वर्कर असेल तर लावाच, यात मला जराही शंका नाही, गुनिकॉर्नवाले स्वतःही तेच सांगतात.

टॉमकॅटचं गणित वेगळं. त्याचा एनआयओ कनेक्टर (कनेक्शन स्वीकारणारा भाग) नुसतं उघडं राहिलेलं कनेक्शन थ्रेड (रिक्वेस्टचं काम करणारा धागा) न अडवता सांभाळतो, डीफॉल्ट २०० थ्रेड असतात, टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) आणि एचटीटीपी/२ दोन्ही त्याला येतं. आतल्या वापराचं अ‍ॅप, एकच मशीन, मोजके युजर, तर थेट चालवा, एक कॉन्फिग फाइल कमी आणि काही बिघडलं तर बघायचे लॉग कमी. एकच अडचण, लिनक्सवर ८० आणि ४४३ हे वेबचे नेहमीचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत आणि त्यापायी टॉमकॅट रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवणं म्हणजे धोका ओढवून घेणं, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे त्या पोर्टवर आलेलं ट्रॅफिक टॉमकॅटच्या पोर्टकडे वळवा. अ‍ॅप गो भाषेत लिहिलेलं असेल तरी थेट चालतं, फक्त टाइमआउट स्वतः सेट करा, तिथे डीफॉल्टला काहीच नसतो.

क्लाउडचा लोड बॅलन्सर (ट्रॅफिक सर्व्हरमध्ये वाटून देणारा) आधीच पुढे असेल तर? टीएलएसचं काम तो करतोच, मग एन्जिनएक्स नुसता सवयीने मधे घालू नका. फक्त तो लोड बॅलन्सर रिक्वेस्टची बॉडी (आतला डेटा) बफर करतो, म्हणजे आधी पूर्ण जमा करतो, की तशीच पुढे ढकलतो हे तपासा, तशीच ढकलत असेल तर सिंक वर्करची वरची अडचण तशीच राहते.

लावायचा ठरला तर त्याचेही ताप आहेतच. एन्जिनएक्स डीफॉल्टला १ एमबीच्या वरची बॉडी घेत नाही, युजरला ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) हा एरर दिसतो आणि अ‍ॅपच्या लॉगमध्ये अक्षरही नसतं, कारण रिक्वेस्ट तिथवर पोचलेलीच नसते. मागून ६० सेकंद काहीच आलं नाही तर ५०४ एरर, अ‍ॅप बंद पडलं तर ५०२. वेबसॉकेटसाठी (दोन्हीकडून बोलता येणारं, उघडं राहणारं कनेक्शन) अपग्रेड हेडर मुद्दाम पुढे पाठवावा लागतो, आणि थेंबाथेंबाने उत्तर पाठवणारं स्ट्रीमिंग असेल तर त्या पाथवर बफरिंग बंद करावं लागतं. उलट बाजूने फायदाही मोठा आहे, अनेक अ‍ॅप एकाच डोमेनखाली ठेवता येतात, आणि नवीन व्हर्जन दुसऱ्या पोर्टवर चढवून ट्रॅफिक तिकडे वळवायचं असेल तर एन्जिनएक्सला रीलोड मारला की झालं, चालू रिक्वेस्ट तुटत नाहीत.

आणि एक गोष्ट लावल्या दिवशीच करा, अ‍ॅप सर्व्हर त्याच मशीनवर असेल तर तो १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) वरच ऐकेल असं ठेवा. क्लायंटचा खरा आयपी आता एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमधून येणार, आणि अ‍ॅप सर्व्हरचा पोर्ट, समजा ८०८०, बाहेरून उघडा राहिला तर कुणीही थेट तिथे येऊन त्या हेडरमध्ये हवा तो आयपी लिहू शकतो, मग तुमचं आयपीवरचं रेट लिमिट (एका आयपीवरून किती रिक्वेस्ट घ्यायच्या ती मर्यादा) आणि अ‍ॅडमिन पेजची अडवणूक दोन्ही फुकट.