कॉम्प्रेसरच्या हवेसाठी ॲल्युमिनियमची पाइपलाइन : एका वर्षाच्या वापरानंतर

भोसरीतल्या आमच्या लहानशा शेडमध्ये ५ एचपीचा कॉम्प्रेसर आहे आणि इम्पॅक्ट गन, ग्राइंडर व स्प्रे गनसाठी दिवसभर ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची हवा लागते. सुरुवातीची सहा वर्षे ही हवा आम्ही राखाडी पीव्हीसी पाइपातून नेली, कारण पाइपावर १० किलोचा छाप होता आणि प्लंबरने तेवढे पुरे म्हणून सांगितले होते. गेल्या वर्षी मे महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, फुटला. त्याचा बोटाएवढा धारदार तुकडा प्लायवुडच्या रॅकमध्ये रुतला होता, तो मी पकडीने उपटून काढला. त्या रॅकसमोर एरवी आमचा पेंटर उभा असतो.

छाप खोटा नव्हता, पण तो पाण्यासाठी होता. आयएस ४९८५ या मानकातला दाब पाण्याकरिता आणि २७ अंश तापमानाला धरलेला असतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे पाइप तडकला की दाब लगेच उतरतो. ७ किलोची हवा मात्र मोकळी होताना सुमारे आठपट फुगते आणि ठिसूळ पाइपाच्या ठिकऱ्या दूरवर फेकते. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८८ मध्येच उघड्यावरच्या पीव्हीसी हवावाहिन्यांबद्दल इशारा दिला होता. गरम पाण्यासाठी वापरला जाणारा सीपीव्हीसी पाइप हाही त्यावरचा उपाय नव्हे.

जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) बी क्लास पाइप, म्हणजे निळ्या पट्ट्याचा, सुरक्षित आहे आणि हात तंग असेल तर तोच घ्यावा. मात्र हवेतल्या बाष्पाचे पाणी आत साचून तो गंजतो, गंजाचे कण स्प्रे गनमध्ये येतात आणि आट्यांचे जोड कालांतराने गळू लागतात. म्हणून जवळजवळ दुप्पट खर्च करून आम्ही २५ मिमीचा, खास हवेसाठी बनवलेला ॲल्युमिनियमचा पाइप बसवला. दोन माणसांनी रविवारच्या एका दिवसात ४० मीटर लाइन उभी केली. एकच जोड सुसकारत होता. साबणाचा फेस लावल्यावर तो सापडला. कापलेल्या तोंडाची धार घासायची राहिल्याने आतली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) चिरली होती, ती बदलल्यावर गळती थांबली. आता रात्री ७ किलोवर व्हॉल्व्ह बंद केला, तर सकाळी काटा साडेसहाच्या वर असतो.

आत साचणारे पाणी निघून जावे म्हणून मुख्य लाइनला शंभरास एक असा उतार द्यावा, प्रत्येक फांदी पाइपाच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवावी आणि शेवटी पाणी सोडायला ड्रेन कॉक ठेवावा. आमच्या विक्रेत्याने यातले काहीच सांगितले नाही, ही माझी तक्रार आहे. कॉम्प्रेसरची थरथर लाइनवर जाऊ नये म्हणून मध्ये लवचिक होज हवाच.

या पाइपाची भिंत पातळ असल्याने ट्रॉलीचा धक्का लागेल अशा उंचीवर तो नेऊ नये. एका कंपनीचे फिटिंग दुसरीच्या पाइपाला बसत नाही, त्यामुळे चार जोड आणि काही ओ-रिंगा जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात; आम्हाला पहिल्याच आठवड्यात त्या लागल्या.