आंबा: कलम लावावे की कोय रुजवावी?
परसात एकच झाड मावणार असेल तर कलमच घ्या. ४-५ वर्षांत फळ धरते आणि ते मूळ झाडासारखेच असते. हापूसची कोय पुरून हापूसच मिळेल याची खात्री नाही. शिवाय ७-८ वर्षे वाट पाहायची.

कलमाचा जोड मातीच्या वीतभर वर ठेवा. प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहिली तर खोडात रुतते. जोडाखालची फूट खुडली नाही तर खुंटच (ज्यावर कलम बांधले ते खालचे कोयीचे रोप) माजतो आणि वरचे कलम मरते. ‘हापूस म्हणून घेतले, रायवळ (कोयीचा गावठी आंबा) निघाले’ या तक्रारी बऱ्याचदा अशाच असतात. शिव्या मात्र नर्सरीला! पहिली तीन वर्षे मोहोर काढून टाका.

कोयीचे झाड थोराड, सोटमूळ खोल. पाण्याची ओढ सोसते. लोणच्याला, सावलीला उत्तम, पण घरापासून १० मीटर लांब हवे. कोय ताजीच पेरा, वाळली की रुजत नाही.