ज्वारी की नाचणी?

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात ज्वारी आणि नाचणी सहज मिळतात, आणि महिन्याचा किराणा मोजूनमापून भरणाऱ्या घरालाही ती परवडतात. दोन्ही धान्ये ग्लुटेनरहित आणि तंतुमय आहेत. खरा फरक आहे तो कॅल्शियमचा: १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, ज्वारीत जेमतेम २५ ते ३०, तर गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२०. म्हणूनच ज्या घरात वाढती मुले, बाळंतीण किंवा दूध न पचणारी वडीलधारी माणसे आहेत, तिथे नाचणीला मी निःसंकोच पहिला मान देईन. मात्र तिच्यातील फायटेट आणि टॅनिन ही द्रव्ये कॅल्शियम व लोह पूर्णपणे शोषू देत नाहीत. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्याची किंवा पीठ रात्रभर आंबवून आंबील करण्याची आपल्याकडची जुनी रीत हाच अडसर कमी करते, आणि पाकिटातल्या महागड्या पौष्टिक पावडरींच्या मागे लागून ती विसरली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रथिनांत ज्वारी पुढे आहे: १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, नाचणीत ७. लायसिन हा प्रथिनांतला एक आवश्यक घटक दोन्हींत कमी असल्याने ती उणीव भरून काढायला भाकरीसोबत मटकीची उसळ किंवा पिठले हवेच.

ऐरोलीतील आमच्या घरी डब्याला ज्वारीची भाकरी असते आणि सकाळी मुलांना मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व.